वीसातली सोळा

कोंडाबाईच्या चाकूच्या पात्याला पाठीजवळ एक बारीक खाच आहे. तिच्यात अंगठ्याचं नख अडकवायचं, जरा जोर लावायचा, की मिटलेलं पातं टक् करून बाहेर येतं. तेवीस वर्षं ते असंच बाहेर येत होतं आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. भाकरी थापताना आपल्याला बोटं आहेत हे कुणाच्या ध्यानात असतं?

मागच्या दिवाळीच्या आधी गावात चिकुनगुन्याची साथ आली. ताप चार दिवसांत गेला, पण जाताना सांधे धरून ठेवून गेला. सकाळी उठलं की बोटं वळायची नाहीत आणि एकदा वळली की सुटायची नाहीत. चहाचा कप ती दोन्ही तळहातांत धरून प्यायला लागली. डब्याचं झाकण दाराच्या फटीत अडकवून उघडायला शिकली. हे सगळं तिनं कुरकुर न करता केलं. पण नर्सरीत पहिल्या दिवशी परत गेली, कमरेची पिशवी सोडली, चाकू काढला, खाचेत नख घातलं, आणि पातं जागचं हललंसुद्धा नाही. तेव्हा मात्र तिला रडू आलं. ती पाण्याच्या टाकीमागं गेली, तोंड धुतलं आणि परत येऊन बसली.

ही नर्सरी अहमदपूरच्या बाहेर, नांदेड रस्त्याला. मालक वैजनाथराव. केसर आंबा, सीताफळ, लिंबू, असली कलमं तिथून चार तालुक्यांत जातात. कोंडाबाई तिथं पहिल्यांदा आली ती पिशव्यांत माती भरायला. नवरा वारलेला, पोरगी पहिलीत, आणि गावातल्या बुद्धवाड्यातून रोज शेअर ऑटोत कोंबून घेऊन यायचं. कलमं बांधायचे मल्लिनाथ मामा. उदगीरकडचे म्हातारे, निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलणारे आणि दोन्ही भाषांत कमीच बोलणारे. कोंडाबाई त्यांना झाडावरून तोडलेल्या काड्या नेऊन द्यायची आणि काड्या दिल्यावर उठायची नाही. बघत बसायची. खालच्या रोपाचा, म्हणजे खुंटाचा, शेंडा कसा छाटतात, मधोमध चीर कशी देतात, काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून त्या चिरेत कसं बसवतात. मामांनी तिला शीक म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही.

एकदा पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं एक गावठी आंब्याचं रोप आपोआप उगवलं होतं. कोंडाबाईनं मोडक्या करवतीच्या पात्यानं त्याच्यावर केसरची काडी बसवली आणि साडीच्या काठाची चिंधी फाडून बांधली. काडी जगली. मामांनी ती बघितली, बोटानं हलवून बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या पिशवीतून दुसरा चाकू काढला आणि तिच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. मूठ तिच्याकडे.

कोंडाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. लहानपणी आजीच्या ओंजळीत लांबून टाकलेल्या वस्तूंच्या गोष्टी ऐकत ती मोठी झाली होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, भुईवर ठिवून द्यायचे दिवस गेले. द्यायचा आसंल तर हातात द्या."

म्हातारा गोंधळला. मग त्याला उमगलं. "बाई, चाकू हातात देत न्हाईत कुणालाच," तो म्हणाला. "माझ्या सख्ख्या भावाला बी मी असाच दिला. हातात दिला की देणाऱ्याचं न् घेणाऱ्याचं भांडण होतंय. आमच्यात तसंच हाय." कोंडाबाईच्या चेहऱ्यावर तरीही विश्वास दिसेना. तेव्हा तो तिच्या शेजारी खाली बसला, तिचा जेवणाचा डबा ओढून घेतला आणि दोन भाकऱ्यांतली एक मिरचीच्या ठेच्याबरोबर खाऊन संपवली. लिंगायत म्हातारा, सकाळचे नऊ वाजलेले, भूक असण्याचं काही कारण नव्हतं. "आता उचल," तोंड पुसत तो म्हणाला. तिनं चाकू उचलला.

त्यांनी तिला एकच हिशेब शिकवला. वीसातली सोळा. वीस कलमं बांधली आणि सोळा जगली तर हात नीट आहे. त्याच्या खाली आलं तर चूक मातीत नाही, पाण्यात नाही, आपल्या हातात शोधायची. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कोंडाबाईची वीसातली अठरा जगायची, एखाद्या हंगामात एकोणीस. वैजनाथराव गिऱ्हाइकाला सांगायचे, कोंडामावशीच्या हातचं आहे, डोळे मिटून घेऊन जा. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि दिवसभर खुशीत असायची.

तर असा तो चाकू, आणि तो उघडेना. तिनं काय काय केलं नाही! दातांनी ओढला, एका दाताचा टवका उडाला. नाणं घालून पाहिलं, नाणं निसटून खुंटांच्या वाफ्यात गेलं. रात्री उघडाच ठेवला, तर सकाळी पिशवी कापून मांडीला लागला. शेजारी बसणारी शिल्पा म्हणाली, "मावशी, मी देते की उघडून रोज, त्यात काय हाय." त्यावर कोंडाबाई म्हणाली, "आज उघडून देशील, उद्या तासून देशील, परवा मी काय नुसती बसून पानं मोजू?"  शिल्पा चांगल्या मनानं बोलली होती, पण कोंडाबाईपुढं तिथं कुणाचं काही चालत नाही. मदत घेणं तिला कधी जमलंच नाही, अगदी कुणी आपण होऊन दिली तरी.

वैजनाथरावांनी न मिटणारा सरळ चाकू आणून दिला. तो दोन्ही बाजूंनी घासलेला. कलमाचा चाकू एकाच बाजूनं घासलेला लागतो, तेव्हाच काप सपाट बसतो. तिनं तो नमस्कार करून परत केला.

मग कुणीतरी सांध्यांचं तेल सांगितलं. काळं, कडू वासाचं. सकाळ-संध्याकाळ चोळायचं. आठ दिवसांत बोटं जरा सैल झाली. कोंडाबाईला एवढा हुरूप आला की तेच तेल तिनं चाकूच्या खिळ्यातही सोडलं. आणि काय सांगावं, पातं लोण्यातून सुरी निघावी तसं बाहेर आलं. जूनमध्ये केसरच्या कलमांचा हंगाम सुरू झाला तेव्हा ती पहाटेच येऊन बसली. तीन दिवसांत साठ कलमं बांधली. प्रत्येकावर पेप्सीच्या बर्फाच्या लांबट पिशवीची टोपी चढवली, तशी टोपी सगळेच चढवतात, काडी सुकू नये म्हणून. आणि वाट बघत बसली.

तीन आठवड्यांनी टोप्या काढल्या तर साठातली चार हिरवी. बाकी सगळ्या काड्या काळ्याठिक्कर.

वैजनाथराव माणूस वाईट नाही. ओरडले नाहीत. नुसतेच वाफ्याच्या कडेनं एकदा इकडून तिकडं गेले आणि म्हणाले, "मावशी, औंदा पिशव्यांवर बसा. हाताला आराम पडंल. कलमाला मी मुखेडची टोळी बोलावली हाय." ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी भांडता येतं.

त्या संध्याकाळी बुद्धप्रियाचा फोन आला. बुद्धप्रिया म्हणजे तीच पहिलीतली पोरगी, आता नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे. विष्णुपुरीकडं दोन खोल्या घेऊन राहते आणि वर्षभर एकच पालुपद लावते: आई, इकडं ये. आज शिल्पानं तिला आधीच सगळं कळवलेलं.

"आई, हातांची काय हालत करून ठिवलीस. मी रोज दुसऱ्यांच्या आयांचे हात शेकायले, न् माझी आई तिकडं चाकूशी झुंजायली. आता बास. मी घ्यायला येते."

"आन् तिथं येऊन काय करू?"

"काय करायचं? बसून खायचं. टीव्ही बघायचा."

कोंडाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "हे बग प्रिया. मला तीन आठवडे दे. वीस कलमं बांधते. सोळा लागली तर तू हा विषय काढायचा न्हाई. पंधरा लागली तरी मी कपड्यांची पिशवी भरून तुझ्यासंगं गाडीत बसते."

 "शब्द?" बुद्धप्रियानं विचारलं.

"शब्द."

शब्द देऊन झाला, आणि मग बाईला पहिल्यांदा भीती वाटली. कारण ती साठ का मेली हेच तिला माहीत नव्हतं. हात दुखतो म्हणून काप वाकडा गेला असेल, असं म्हणावं तर काप तिनं स्वतः तपासून बसवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती उकिरड्यावर गेली, फेकलेली कलमं गोळा केली आणि जोडावर बांधलेली एकेक पट्टी सोडून बघू लागली. काप सरळ होते. पण जिथं काडी आणि खुंट एकमेकांना चिकटायला हवेत, तिथं एक चकाकी होती. तिनं नाकाजवळ नेलं. तो कडू वास तिच्या ओळखीचा होता.

तेल! बोटांचं तेल पात्यावर, खिळ्यातलं तेल पात्यावर, आणि पात्यावरचं प्रत्येक कापावर. तेल लागलेला काप कधी जुळून येतो का? पहिल्या वर्षीच्या पोरालाही हे कळलं असतं, आणि तेवीस वर्षांची कारागीर मात्र खुशीत तेल चोळत होती. कोंडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. हात दुखला. पण खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी एवढं हलकं वाटलं, की ती एकटीच उकिरड्यावर बसून हसली. चूक सापडली होती. चूक हातात होती, मामांनी सांगितलं होतं तिथंच, पण हात गेलेला नव्हता.

आता पुढचा प्रश्न असा की तेल नाही म्हणजे बोटं परत लाकडासारखी आणि पातं परत जाम. पण कोंडाबाईनं पदर खोचला होता.

चाकू तिनं सोड्याच्या पाण्यात उकळून काढला. खिळ्यात तेलाऐवजी पेन्सिलीच्या शिशाचा भुगा भरला, घरात बुद्धप्रियाच्या शाळेतल्या पेन्सिली अजून पडून होत्या. मग चाकू घेऊन ती बसस्टँडजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली आणि अमरेशला म्हणाली, पात्याच्या पाठीला, खाचेच्या जरा वर, भोक पाड. अमरेशची दोन ड्रिलं मोडली. "कसलं लोखंड हाय मावशी हे?" तो वैतागून म्हणाला. "उदगीरचं," कोंडाबाई म्हणाली. तिसऱ्या ड्रिलला भोक पडलं. त्यातून तिनं नायलॉनच्या दोरीचा फास ओवला, वीतभर. मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची तीन कडी चढवली, म्हणजे मूठ जाड झाली आणि बोटं पुरती वळली नाहीत तरी पकड बसू लागली.

आणि उघडायचं कसं? तर जमिनीवर बसायचं, मूठ दोन्ही तळहातांत दाबून धरायची, दोरीचा फास उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवायचा आणि पाय लांब करायचा. पातं बाहेर. मिटताना पात्याची पाठ टेबलाच्या पायाला टेकवून मूठ ढकलायची, बोटं मागं ठेवून. शिल्पानं पहिल्यांदा हा प्रकार पाहिला आणि तिला हसू आवरेना. कोंडाबाई म्हणाली, "हास. माझ्या पायाच्या अंगठ्याला संधिवात न्हाई ना झाला."

वैजनाथरावांना तिनं सरळ सांगितलं. "मालक, कुंपणाला ती बारकी रोपं टाकून दिलीत, त्यातली वीस मला द्या. सुट्टीच्या दिवशी बांधते. तुमच्या टोळीच्या मधी येत न्हाई." मालकांनी तिच्या हातांकडं पाहिलं, पायाकडं पाहिलं, आणि घ्या म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी पहाटे नर्सरीत येऊन तिनं घमेल्यात कढत पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं आणि दोन्ही हात लाल होईपर्यंत बुडवून ठेवले. मग स्वच्छ फडक्यानं कोरडे केले, बोटाबोटांच्या मधूनसुद्धा. तीन दिवस तिनं तेलाच्या बाटलीला शिवलं नव्हतं, आणि ते तीन दिवस कसे गेले हे तिनं कुणाला सांगितलं नाही. चाकूचा हात गुडघ्याला टेकवून तिनं पातं पक्कं धरलं. पूर्वी काडी एका जागी आणि चाकू फिरता असायचा. आता उलटं. चाकू जागच्या जागी आणि काडी त्याच्यावरून ओढायची, खांद्याच्या जोरावर, बोटांना त्रास न देता. पहिल्या तीन काड्या वाया गेल्या. चौथीचा काप आरशासारखा सपाट आला.

पूर्वी मिनिटात व्हायचं ते कलम आता दहा मिनिटं खात होतं. पट्टी बांधताना एक टोक दातात धरावं लागे. बाराव्या कलमाला उजव्या हातात असा गोळा आला की चाकू गळून पडला, आणि ती तशीच हात मांडीवर घेऊन बसून राहिली. घमेल्यातलं पाणी गार झालं होतं. उठून तिनं चूल पेटवली, पाणी पुन्हा तापवलं, हात पुन्हा बुडवले, पुन्हा पुसले. पायानं चाकू उघडला. तेरावं. विसावं बांधून झालं तेव्हा ऊन कुंपणापलीकडं गेलं होतं आणि तिला स्वतःच्या साडीचा पदर सावरता येत नव्हता.

तीन आठवडे तिनं मुकाट पिशव्या भरल्या. कुंपणाकडं गेली ती फक्त पाणी द्यायला, टोप्यांना हात लावला नाही.

बुद्धप्रिया रविवारी नांदेडहून एसटीनं आली, रिकामी मोठी बॅग घेऊन. आईचे कपडे न्यायला. मायलेकी दोघी कुंपणाकडं गेल्या, मागं वैजनाथराव आणि शिल्पा. कोंडाबाई एकेक टोपी काढत गेली. तांबूस कोवळी पालवी, ओलसर, बोटाच्या पेराएवढी. एक. दोन. सहाव्याला काडी काळी. दहाव्याला काळी. तेराव्याला परत काळी, मग सलग हिरव्या, मग अठरावी काळी. विसावी टोपी निघाली तेव्हा पंधरा पालव्या झाल्या होत्या आणि विसावी काडी ना हिरवी ना काळी, नुसती तपकिरी होती, कोंबाचा डोळा मिटलेला.

"पंधरा!" वैजनाथराव म्हणाले. "मावशी, आमच्या टोळीची वीसात बाराच जगायलीत. सोमवारपासून बसा तुमच्या जागंवर. पिशव्या राहू द्या."

कोंडाबाईनं ते ऐकलंच नाही. ती विसाव्या रोपापुढं जमिनीवर बसली, चप्पल काढली, चाकू तळहातांत दाबला आणि अंगठा फासात घालून पाय ताणला. पातं बाहेर आलं. बुद्धप्रियानं हे पहिल्यांदाच पाहिलं. फोनवर शिल्पानं सांगितलेलं ऐकणं वेगळं, आणि आपल्या आईचा तो भेगाळलेला अंगठा दोरी ताणताना बघणं वेगळं. 

कोंडाबाईनं काडीची साल नखाएवढी खरवडली. आत हिरवं असेल तर काडी जिवंत. चौघंही वाकून बघत होते. आत कोरडं लाकूड होतं.

 टेबल जवळ नव्हतं म्हणून तिनं कुंपणाच्या खांबाला पात्याची पाठ टेकवून चाकू मिटला, ट्यूबच्या कड्यांवरची माती पुसली आणि लेकीच्या बॅगेची चेन ओढायला गेली. तीसुद्धा तिला ओढता येईना. "पंधरा झाली," ती म्हणाली. "शब्द म्हंजी शब्द. चल."

बुद्धप्रियानं चेन उघडून दिली. कोंडाबाईनं चाकू बॅगेत टाकला. कपड्यांच्याही आधी. मग शिल्पाकडं वळून पिशव्यांच्या मातीत शेणखत किती घालायचं ते सांगायला लागली, सगळ्यांना माहीत असलेलंच. आवाज नीट होता. पण हात तिनं पदराखाली घेतले होते.

लेकीनं बॅगेत हात घातला. चाकू बाहेर काढला. क्षणभर तिनं तो आईपुढं धरला, आणि मग काहीतरी आठवून थांबली. मामांच्या चाकूची ती गोष्ट तिनं लहानपणी शंभरदा ऐकली होती, प्रत्येक वेळी भाकरीपाशी येऊन दोघी हसायच्या. ती खाली बसली आणि तिनं चाकू आईच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. मूठ आईकडे.

"पंधरा म्हणजे तू शब्द हरलीस," बुद्धप्रिया म्हणाली.  "आता मी म्हणीन तसं करायचं. हाव का न्हाई?"

"हाव," कोंडाबाई म्हणाली.

"मग उचल. अजून वीस बांध. महिन्यानं मी परत येते, मला सोळा दाखव."

 कोंडाबाई शिल्पाला म्हणाली, "माझा डबा आण गं." डबा आला तसा तिनं तो लेकीपुढं सरकवला. झाकण बुद्धप्रियानं उघडलं, एक भाकरी काढली, आणि दुपारचं जेवण तासापूर्वीच झालं होतं तरी ती ठेच्याला लावून खायला बसली. सगळी खाऊन झाल्यावरच कोंडाबाईनं चाकू उचलला.